खोलदऱ्यातली ओ

१

रूपराव मुलीला दिवसातून पंधरा-वीस वेळा हाक मारत. दर वेळी काम असेच असे नाही. चष्मा डोळ्यांवर असताना चष्म्याची चौकशी करत, गॅस बंद केला का ते दोनदा विचारत. "मयुरीऽ" म्हटले की आतून "ओ" येई, आणि ती ओ आली की पुढचे विचारायचे ते बरेचदा विसरून जात. पुलगावच्या त्या तीन खोल्यांत आता दोघेच उरले होते. मयुरीची आई, कौशल्याबाई, जाऊन चौदा महिने झाले होते.

आणि सोमवारी मयुरीही जाणार होती, हैदराबादला, नोकरीवर रुजू व्हायला. त्याआधीच्या शनिवारी तिने बापाला घराबाहेर काढले. आर्वीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी सालईखेडा म्हणून गाव आहे. तिथल्या जंगलात वनखात्याने सात किलोमीटरची गोल पायवाट काढली होती. खोलदरा नावाच्या दरीच्या एका काठाने चढत जायचे, दरीच्या डोक्यावर मोठी धार कोसळते तिथे ओढा ओलांडायचा आणि दुसऱ्या काठाने खाली यायचे. वाटेत लहान धबधबे, दरी दिसेल असे कडे. दिवाळीपर्यंत पाणी टिकते म्हणत.

एसटीत बसल्यावर मयुरी म्हणाली, "बाबा, आज एक गोष्ट मागतो म्हटलं तं द्यान का?"

"काय पाह्यजे?"

"आज दिवसभर मले आवाज द्याचा नाई."

"अन् काम पडलं तं?"

"काय काम पडते जंगलात? चष्मा तुमच्या डोळ्यावरच आहे." ती हसली. मग जरा हळू म्हणाली, "सवय करा ना आता. सोमवारपासून मी ओ द्याले नाई राहणार घरात."

रूपराव हसले. खिडकीबाहेर कपाशीची शेते होती. आर्वी येईपर्यंत ते तीच बघत राहिले.

२

फाटकावर नावे लिहून घेतली आणि वाटाड्या म्हणून पुनाजी बरोबर आला. साठीचा, किडकिडीत, खांद्यावर कुऱ्हाड. घरी गोंडी बोलणारा, पाहुण्यांशी वऱ्हाडी.

"एकच सांगतो गुरुजी," निघताना तो म्हणाला, "आत गेल्यावर एकमेकाले नाव घेऊन आवाज देजा नका. कोणी मागं राह्यला तं असं कराचं." त्याने तोंडापाशी हात धरून "कूऽऽ" केले.

"काऊन जी? वाघाले नाव समजते का?" मयुरीने विचारले.

"वाघाले काय कराचं तुह्या नावाचं, माय? त्याले काय आधार कार्ड काढाचं आहे?"

"मंग कोणाले पाह्यजे?"

"चाला, ऊन होते," पुनाजी म्हणाला आणि पुढे झाला.

पहिल्या कड्यावर वर्ध्याहून आलेली कॉलेजची पोरे होती. कठड्याला रेलून ती एकमेकांची नावे दरीत फेकत होती. "अंकीऽत!" म्हटले की समोरून "कीत… कीत…" परत येई आणि सगळी खिदळत. पुनाजी दूर मोहाच्या सावलीत पाठ करून उभा राहिला.

रूपरावांनी अठ्ठावीस वर्षे विज्ञान शिकवले होते. न राहवून त्यांनी पोरांना सांगितले, प्रतिध्वनीला समोरचा अडथळा निदान सतरा मीटर तरी लांब लागतो. इथे दरी दोनशे-अडीचशे फूट रुंद आहे, म्हणून इतका स्वच्छ येतो. "अन् लक्षात ठेवा, शेवटी जे बोलले तेच परत येते. नवीन काही येत नाही."

पोरे तिथूनच परतली. ती खाली गेल्यावर जंगल एकदम मोठे झाल्यासारखे वाटले.

३

पहिली लहान धार एका घळीत होती. ती ओलांडल्यावर वाट डोक्याएवढ्या गवतातून जात होती. पुनाजी मागे थांबून वाटेवर आडवी पडलेली फांदी तोडत होता. मयुरी पुढे गेली. तिचा पिवळा कुर्ता दोन वळणे दिसला, तिसऱ्या वळणावर दिसेना.

रूपराव हाक मारणार नव्हते. पण हाक ही ठरवून मारायची गोष्ट त्यांच्यापाशी राहिलेलीच नव्हती.

"मयुरीऽ"

"ओ."

लगेच आली. जरा उजवीकडून, खालून. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते चालू लागले. पुढच्या वळणावर मयुरी एका दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होती. कानांत इयरफोन होते.

"खाली कायले उतरली होती?" त्यांनी विचारले.

तिने एक इयरफोन काढला. "काय?"

"आता ओ दिली ना तू. खालून."

"मी कायले ओ देऊ? मले ऐकूच नाई आलं." मग तिच्या लक्षात आले. "म्हणजे तुमी आवाज दिला. बाबा! एक दिवस सांगतलं होतं. एक."

रूपरावांनी उजवीकडे पाहिले. गवत चार हातांवर संपत होते. त्यापुढे दरीच होती.

४

वाट पुढे सालईच्या झाडांतून जात होती. रूपराव चालता चालता विचार करत होते. प्रतिध्वनी असता तर "री" आली असती, फार तर "ई". "ओ" कशी येईल? खाली कोणी गुराखी असेल, आपल्यालाच बोलावले असे वाटले असेल त्याला. पण मयुरी नावाचा गुराखी? असेल एखादी बाई. जळण गोळा करायला आलेली. मयुरी हे काही जगावेगळे नाव नाही.

त्यांना ते पटले. मग पटेना. ओ त्यांच्या ओळखीची होती.

"मी फक्त सांगत होतो, मले ऐकू आली," ते मयुरीला म्हणाले.

"तुमाले घरीही ऐकू येते. मी आंघोळीले गेली राह्यते तरी म्हणता, ओ दिली ना तू." ती वळून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज चिडका होता. "मी गेल्यावर काय करान तुमी? रिकाम्या घराले आवाज द्यान? मले जाववत नाई बाबा अशानं. अन् जाणं तं आहे."

"जा ना. मी कुठी अडवतो?"

"अडवत नाई. फक्त आवाज देता."

ती ताडताड पुढे निघून गेली. पुनाजी मागून येऊन पोचला. त्याने फक्त रूपरावांच्या गुडघ्याकडे पाहिले. "दुसरा कडा जवळच आहे. तिथी बाक आहे. बसजा घडीभर. मी पाणी भरून आणतो."

५

बाक दरीकडे तोंड करून ठेवला होता. मागे सागाची झाडे, समोर लोखंडी कठडा, पलीकडे खोलदरा. इथे दरी बरीच अरुंद होती, समोरच्या काठावरचा चेहरा ओळखू यावा इतकी. मोठी धार डावीकडे, वर, झाडांआड होती. तिचा आवाज सतत येत होता, इतका सतत की आता तो ऐकूच येत नव्हता. रूपराव गुडघा चोळत बसले. मयुरी कुठेच दिसत नव्हती.

पंधरा मिनिटे त्यांनी कळ काढली.

"मयुरीऽ"

"ओ."

खालून, दरीच्या तळातून. पाण्याच्या आवाजात बुडालेली, पण स्वच्छ.

ते उठून कठड्यापाशी गेले. खाली काळे खडक, पाणी, उंबराचे एक झाड. उतरायला वाट नव्हती. हात टेकवायलाही जागा नव्हती.

"मयुरी, कुठी आहेस तू?"

"ओ."

या वेळी वरून आली. म्हणजे कड्याच्या निम्म्यातून. कुठे, काय, काही नाही, नुसती ओ. घरात भाजी चिरताना मान वर न करता द्यावी तशी.

तरी तिसरी हाक निघालीच. हाक नव्हतीच ती, नुसता श्वासाबरोबर शब्द बाहेर पडला.

"ओ."

कठड्याच्या खाली. दोन माणसांच्या उंचीइतकी खाली असेल.

मागून पुनाजीने त्यांच्या दंडाला धरले. त्याच्या हातातली पाण्याची बाटली गळत होती. बूच लावायलाही तो थांबला नव्हता. त्याने त्यांना ओढत आणून बाकावर बसवले.

"किती वेळा दिली हाक?"

"तीन. खाली आहे ती, पुनाजी, पाय घसरला असंल…"

"ते तुमची पोरगी नोहे." तो हळू बोलत होता, ओठ न हलवता. "पोरगी पुढं गेली. मी जाऊन आणतो. तुमी इथीच बसजा. आवाज देजा नका. अन् तुमाले कोणी आवाज देला, तुमच्या पोरीच्या तोंडानं देला, तरी ओ देजा नका."

"पण काय आहे ते?"

"मले नाई माहीत, गुरुजी," पुनाजी म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता, म्हणून रूपरावांना जास्त भीती वाटली. पुनाजी धावतच गेला. साठीच्या माणसाला धावताना त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिले.

६

पुनाजीला जाऊन पंधरा मिनिटे झाली. ऊन डोक्यावर होते. साडेबाराचा सुमार. भुते-खेते रात्रीची असतात, रूपरावांनी स्वतःला समजावले. आता तर आपली सावलीही पायाखाली गोळा झाली आहे.

तेवढ्यात समोरच्या काठावर पिवळे काही हलले.

मयुरी होती. मोठी धार ओलांडून ती पलीकडे पोचली होती आणि आता उतरणीच्या वाटेवर होती. झरझर चालत होती, कोणाला तरी गाठायचे असावे तशी. ती धडधाकट होती. मग त्यांनी तिच्यापुढे पाहिले.

तिच्यापुढे आठ-दहा पावलांवर एक माणूस चालला होता. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, गळ्यात दुपट्टा. उतरणीवर पाऊल टाकताना तो उजवा हात गुडघ्यावर ठेवत होता.

रूपरावांनी खाली पाहिले. त्यांच्या अंगात तसाच सदरा, गळ्यात तसाच दुपट्टा होता, आणि उजवा हात गुडघ्यावर होता.

"बाबा, थांबा ना!" मयुरी ओरडली. चिडलेली, दमलेली, रोजची. "इतके कशे पुढं गेले तुमी?"

"ओ," तो माणूस म्हणाला. न वळता.

एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात रूपरावांनी आपलाच आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला होता आणि तो त्यांना अनोळखी वाटला होता. आता तसाच वाटला.

मग त्या माणसाने वाट सोडली. तो काठाकडच्या गवतात शिरला. मयुरी त्याच्यामागे वळली. तिच्या बाजूने पाहणाऱ्याला ते साधे गवत होते. या बाजूने मात्र दिसत होते की ते गवत एका पुढे आलेल्या जिभेसारख्या खडकावर आहे, खडक खालून पोखरलेला आहे, आणि शेवटचे दोन-तीन हात नुसतेच गवत आहे, त्याखाली काही नाही. तो माणूस त्या दोन-तीन हातांवर जाऊन उभा राहिला. गवत वाकले नाही.

रूपराव उठून कठड्यापाशी गेले. त्यांनी दुपट्ट्याचे टोक तोंडाशी धरले. तिचे नाव घ्यायचे नाही. घेतले तर ओ कुठून येईल, कोण देईल, सांगता येत नव्हते. कू करायला त्यांनी ओठ जुळवले, पण नुसती हवा निघाली.

"बाबाऽ!" मयुरीने पुन्हा हाक मारली. ती गवतात कमरेपर्यंत शिरली होती.

बापाला हाक मारली होती. ती ओ त्यांची होती. ती दुसऱ्या कोणाला देऊ द्यायची नव्हती.

"ओऽऽ!" रूपराव ओरडले.

त्याच क्षणी पलीकडूनही आली. "ओ."

दोन ओ एकाच गळ्यातून निघाल्यासारख्या दरीत एकमेकींवर आपटल्या. मयुरी जागच्या जागी थांबली. तिने पुढच्या माणसाकडे पाहिले. मग मान वळवून दरीपलीकडे, कठड्यापाशी उभ्या असलेल्या बापाकडे पाहिले. आणि ती गवतात खाली बसली. दोघांपैकी कोणाकडेच गेली नाही. रूपरावांना तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तो माणूस हळूहळू वळला. डोळ्यांवर हात आडवा धरून त्याने रूपरावांकडे पाहिले. उन्हात कोणीही धरावा तसा. मग हात खाली घेतला आणि हाक मारली. ओरडून नाही. घरात शिरताना मारावी तशी, सहज.

"मयुरीऽ"

मयुरीचे तोंड मिटलेले होते. रूपराव तिच्याकडेच पाहत होते; ओठ हललेसुद्धा नाहीत.

"ओ," त्यांच्या मागून आवाज आला. बाकाजवळून. हात लांब केला तर लागेल इतक्यावरून.

दरीपलीकडून मयुरीचे डोळे त्यांच्यावरून सरकले आणि त्यांच्या खांद्यामागे जाऊन थांबले. मग तिने अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा, मान हलवली. नाही. वळू नका. नाही.

७

पुनाजी तिच्यामागे येऊन पोचला, काही न बोलता त्याने तिचे मनगट धरले आणि तिला आल्या वाटेने वर नेले. झाडीत शिरेपर्यंत ती मागे बघत होती. पुढच्या गवतात आता कोणी नव्हते. तो माणूस केव्हा गेला ते रूपरावांनी पाहिलेच नव्हते.

धारेवरून फिरून इकडे यायला त्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागणार होती. तोवर रूपराव कठडा धरून उभे होते.

मागे सागाचे एक वाळके पान मोडले. थोड्या वेळाने आणखी एक. उभे राहून पाय अवघडले की माणूस भार या पायावरून त्या पायावर घेतो, तसे. वानर असेल, ते मनाशी म्हणाले. मुंगूस असेल. पण वानर एका जागी इतका वेळ गप्प राहत नाही हे त्यांना ठाऊक होते.

खरे तर याहून वाईट दुसरेच काही होत होते. भीती कमी होत चालली होती. छातीतली धडधड बसत होती, खांदे सैल पडत होते. बऱ्याच दिवसांनी घरात कोणी असल्यासारखे वाटत होते. मान वळवायची नव्हती, ती आपोआप वळू पाहत होती. आणि जिभेवर एक हाक येऊन बसली होती. आणखी एकदा मारली की पुरे. एकदाच.

त्यांनी दुपट्ट्याचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांत घट्ट धरला.

शेवटी डावीकडून पावले वाजली. पुनाजी पुढे, मयुरी मागे. दोघे वाटेने सरळ बाकाशी येऊ शकले असते. पण पुनाजीने वाट सोडली, आणि त्याच्यामागून मयुरीनेही. जपाला बसलेल्या बाईला अंग लागू नये म्हणून देवळात वळसा घेतात, तसा बाकाला वळसा घालून ती दोघे बापाजवळ आली.

मयुरीने त्यांच्या तोंडातला बोळा काढला. त्यांचा हात धरला. तिचा हात गार आणि घामेजलेला होता आणि कुर्त्याला गवताचे कुसळ चिकटले होते. फाटक येईपर्यंत तिघांत एक शब्द झाला नाही. फाटकावरही पुनाजीने फक्त हात जोडले.

८

परतीची एसटी जवळजवळ रिकामी होती. रूपराव खिडकीशी बसले, मयुरी शेजारी. रस्ता अजून सहा किलोमीटर जंगलातूनच होता.

"माह्या मागं तूच होती ना?" त्यांनी विचारले. "म्हणजे तुह्यासारखी."

"नाई."

"ओ तं तुहीच होती."

मयुरी समोरच्या सीटची दांडी बघत राहिली. "ती मी नोहती, बाबा," ती म्हणाली. मग तिने विचारले, "तुमी आज सकाळपासून कोणाले आवाज देऊन राह्यले होते?"

रूपराव खिडकीकडे वळले.

बायकोला नावाने हाक मारायची रीत त्यांच्या घरी नव्हती. वडिलांनी आईला मारली नाही, त्यांनी कौशल्याबाईंना मारली नाही. शाळेतून आले, उंबऱ्यात चपला काढल्या, की ते "मयुरीऽ" म्हणत. मयुरी तेव्हा शिकवणीला असे, नाहीतर मैत्रिणीकडे. ते त्यांनाही माहीत असे. ओ स्वयंपाकघरातून येई. बावीस वर्षे त्या नावाला ओ कौशल्याबाईंनीच दिली होती.

खिडकी उघडी होती. बाहेर सागाचे खोडामागून खोड सरकत होते आणि इंजिनाच्या घरघरीच्या मध्ये मध्ये जंगल ऐकू येत होते. रूपरावांनी डोके गजाशी टेकवले. त्यांचे ओठ उघडले, नुसते उघडले, अजून शब्द झाला नव्हता.

मयुरीने त्यांच्यापुढून हात घालून काच सरकवून बंद केली. खड्ड्याच्या दणक्याने ती पुन्हा उघडली. तिने पुन्हा लावली. मग तिने तळहात काचेवर दाबून धरला, आणि जंगल संपून कपाशीची शेते लागली तरी काढला नाही.